व्हायोलिनवरचा गंज

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या फोनला पत्राने उत्तर देतो आहे. हल्ली फोनवर सगळेच पुटपुटतात, तूसुद्धा. कागदावर तरी माणसं स्पष्ट बोलतात.

मासिकाच्या पुढच्या अंकासाठी तीन भारी हेडफोन तपासायला आले आहेत. आठवडाभर मला दुसरं काही सुचत नाही. गाणं ऐकायचं तर पहिला घ्यावा. गायिकेचा आवाज अंगावर शाल पांघरल्यासारखा येतो. ड्रमसाठी दुसरा, त्याचा खालचा आवाज गडद पण समंजस आहे. तिसऱ्याला पियानो जमतो, समूहगानात मात्र सगळी मंडळी एका कपाटात कोंबल्यासारखी वाटतात. आणि व्हायोलिनला तिघेही नापास. वरच्या सुरांत चकाकीच नाही. एवढे नावाजलेले कारखाने, पण कामाची चाड कुणाला राहिलेली नाही.

घरीही तेच. आमच्या टिटवीच्या व्हायोलिनची धार वर्षभरात पार गेली. तीनदा तारा बदलून दिल्या, फरक शून्य. मुलीचं लक्ष नाही, दुसरं काय! तू आत्या आहेस, दोन शब्द सुनाव.

बाकी ठीक. माया आहे तशी राहू दे.

तुझा,
धाकटा

११ फेब्रुवारी

चि. कानसेनास,
अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा हसण्यात अर्धं राहून गेलं. चोवीस वर्षं मी इस्पितळात लोकांच्या कानांवर हेडफोन चढवते आणि ऐकू आलं की बटण दाबा म्हणून सांगते. इतक्या वर्षांत एकालाही तो समंजस वाटला नाही. एका आजोबांना घट्ट वाटला होता, एवढंच.

तुमच्या मासिकात तुझ्या लेखापेक्षा मला वाचकांची पत्रं जास्त आवडतात. तू मागे ज्या हेडफोनला ‘लोण्यासारखा’ म्हणालास, तो तिघांना सुईसारखा टोचतो आहे. तिघेही एकमेकांना ओळखत नसावेत.

आता मोठ्या बहिणीचा प्रश्न, खरं उत्तर दे. स्वयंपाकघरातलं घड्याळ वेळ भरली की बारीक टिटिट करतं, ते तुला बाहेरच्या खोलीत ऐकू येतं का? बावन्न वर्षांचा झालास. रोज सहा तास कानांत ड्रम बडवून घेतोस. एकदा माझ्याकडे तपासून जा. टिटवीला मी काही सुनावणार नाही.

रागावलास तरी पत्र पाठव.

तुझी,
ताई

२० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रागावलो आहे, तरी पत्र पाठवतो आहे.

ते घड्याळ सहा महिन्यांपासून बिघडलं आहे. तुझी भावजय केवळ सवयीने उठून गॅस बंद करते. वाचकांचं म्हणशील, तर त्यांचे कान बाजारू गाण्यांनी खराब झाले आहेत. ज्याच्या कानांवर विसंबून दुकानदार माल मागवतात, त्याला तू आजोबांच्या रांगेत बसवतेस, याची गंमत वाटली.

इथली बातमी अशी की रविवारी संपादक आणि त्यांची पत्नी घरी आले होते. टिटवीला वाजवायला सांगितलं. अर्ध्यातच मला राहवलं नाही. तिला थांबवून म्हणालो की तुझ्या व्हायोलिनला गंज चढला आहे. संपादकांनी मान डोलावली. माझ्यापुढे ते नेहमीच डोलावतात. तेव्हापासून तिने व्हायोलिन पेटीत घालून ठेवलं आहे. बरंच झालं. थोडी चुटपुट लागली की ताळ्यावर येईल.

तुझ्या रागासकट तुझा,
धाकटा

२४ फेब्रुवारी

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

यांनी तुम्हाला काय लिहिलं ते मला ठाऊक आहे, कारण लिहून झाल्यावर मोठ्याने वाचून दाखवलं. म्हणून हे पत्र ऑफिसातून लिहिते आहे.

घड्याळ चांगलं आहे, रोज वाजतं. टिटवीचं वाजवणंही चांगलं आहे. तिच्या शिक्षिका म्हणाल्या की असा सूर त्यांच्या वर्गात कुणाचा नाही. पण पोरीला ते पटत नाही. ती म्हणते की बाई मायेने बोलतात. बाबांचे कान मात्र खोटं बोलत नाहीत, ते छापून येतं. व्हायोलिनची पेटी तिने कपाटाच्या वर टाकली आहे आणि शिक्षिकेला निरोप पाठवला आहे की पुढच्या महिन्यापासून येणार नाही.

तपासणीचं नाव काढलं की हे जेवणाच्या ताटावरून उठतात. तुम्हीच काहीतरी करा.

तुमची,
भावजय

२ मार्च

चि. कानसेनास,
अ. उ. आ.

मागचं पत्र जरा लागलं असेल तर विसर. एका कामात तुझी मदत हवी आहे. आमच्या तपासणीच्या खोलीसाठी नवे हेडफोन घ्यायचे आहेत आणि इथे कुणाला त्यातलं कळत नाही. मी वरिष्ठांना म्हटलं की माझा भाऊ या विषयातला अधिकारी माणूस आहे. ते भारावून गेले.

शनिवारी अकराला ये. तुझा वेळ फार घेणार नाही.

वाट पाहणारी,
ताई

१९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू मला फसवलंस, हे आधी लिहून टाकतो.

तुझ्या त्या खोलीत बसून मी हेडफोनवर भाषण ठोकलं, ते तू मुकाट्याने ऐकलंस. मग म्हणालीस की चालवून बघ, आवाज आला की बटण दाब. थोडा वेळ दाबलं. मग आवाज यायचे थांबले. यंत्र बंद पडलं का, असं मी काचेतून खुणेने विचारलं. तू मान हलवलीस. आवाज अजून चालूच होता, ताई. आलेखावरची ती रेघ अर्ध्यापर्यंत नीट चालते आणि पुढे जिन्यावरून पाय घसरल्यासारखी खाली जाते. दोन दिवस मी तुझ्यावर चिडलो होतो. तिसऱ्या दिवशी घड्याळ हातात धरून वाजवलं. हाताला कंप कळला. आवाज नाही.

संपादकांना जाऊन सांगितलं की मला लिहिणं थांबवायला हवं. ते म्हणाले की वाचकांना कळवायची काही गरज नाही. मी सुचवलं की बाकीच्या परीक्षकांनाही ताईकडे पाठवू. त्यावर ते म्हणाले की तसं केलं तर मासिकच बंद करावं लागेल. शेवटच्या लेखात मी आलेख छापायला दिला आहे आणि सुईवाल्या तिघांची माफी मागितली आहे. छापतात का ते बघायचं. कानाच्या यंत्राच्या मापासाठी मंगळवारी येतो. त्याचं परीक्षण लिहिणार नाही, घाबरू नकोस.

हे सगळं सोपं होतं. काल टिटवीला समोर बसवलं. आलेख दाखवला, जे बोललो ते परत घेतलं, पाहुण्यांसमोरचंही. तिने कागद बराच वेळ पाहिला आणि विचारलं की मग वर्षभर ती चांगलं वाजवत होती का.

मला ‘हो’ म्हणायचं होतं. शिक्षिका तेच म्हणतात, तिची आईही. पण मी ते ऐकलेलंच नव्हतं. तिला म्हणालो, “मला ठाऊक नाही, बाळा. मला ऐकूच आलं नाही.”

ती रडली नाही, रागावलीही नाही. स्टुलावर चढून पेटी काढली आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. मी बाहेर बसून राहिलो. खालचे सूर येत होते, मधले येत होते, आणि ती वर चढली की माझ्यापुरतं सगळं विरून जात होतं. तेवढ्यात हिने हातातलं काम खाली ठेवलं आणि दाराशी जाऊन डोळे मिटून उभी राहिली. मी हिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. त्यावरून वाटतं, चांगलं वाजवत असावी.

आशीर्वाद तिला दे. मला दे ते जरा मोठ्याने.

तुझा,
धाकटा