गादी, जिना आणि मालकीणबाईंचं "बघू"

तीर्थरूप आत्यास,

दंडवत. (खुर्चीत बसूनच घातला आहे, कारण कंबर धरली आहे. का धरली ते पुढे येईलच.) मोतीबिंदू काढल्यावर तुला सगळं लख्ख दिसायला लागलं आणि पहिल्यांदा काय दिसलं, तर आतोबांचं सुटलेलं पोट, असं आईकडून कळलं. त्यांना माझी सहानुभूती कळव.

मी मॅनेजर झालो, ही बातमी आईनं तुला माझ्याआधीच दिली असेल. आमचा कारखाना गाद्यांचा. कापडाचं भांडार खाली, कापणी वर, शिलाई खाली, बांधणी (म्हणजे पॅकिंग) पुन्हा वर आणि टेम्पो अर्थातच खाली. म्हणजे आमची गादी गिऱ्हाइकाच्या पलंगावर पडण्याआधीच जिने चढून-उतरून दमलेली असते. त्यात गेल्या महिन्यात पैलवान (आमचा हमाल, अंगानं काडी, म्हणून पैलवान) जिन्यावरून गादीसकट घसरला. गादी त्याच्या खाली असती तर प्रश्नच नव्हता, पण ती पडली वर. मनगट मोडलं बिचाऱ्याचं. त्याला दवाखान्यात सोडून आलो आणि ठरवूनच टाकलं, की बांधणी खाली आणायची आणि भांडार वर न्यायचं.

भांडारावर बसतात ते गृहस्थ, ज्यांना सगळे पाठीमागे कुलूप म्हणतात, कारण काहीही विचारा, आधी 'नाही'. त्यांना विचारण्यात अर्थ नाही असं मी गृहीत धरलं. शिलाईच्या बायकांना विचारायचं राहूनच गेलं. (कालपरवापर्यंत मीही त्यांच्यातच मशीनवर होतो, पण मॅनेजरची खुर्ची जरा उंच असते, तिच्यावरून जवळची माणसं दिसत नाहीत.) मालकीणबाईंना मात्र विचारलं. त्या हिशेब तपासता तपासता म्हणाल्या, "बघू." मी तो होकार समजलो आणि सुट्टीच्या दिवशी चार माणसं लावून सगळं वरचं खाली नि खालचं वर करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी कुलूप मालकीणबाईंना घेऊन तडक खाली आपल्या जुन्या भांडाराच्या खोलीत गेले, "बघा काय केलंय" हे दाखवायला. नेमकी त्याच वेळी मी आणि दोघं जण पहिली डबल गादी बांधणीसाठी तिथेच घेऊन निघालो होतो. त्या खोलीचं दार कापडाचे तागे ने-आण करण्याइतपत. गादी अर्धी आत गेली आणि बुचासारखी बसली. आम्ही जोर लावला, ती आणखी घट्ट बसली आणि माझी कंबर तिथेच धरली. आतून मालकीणबाईंचा आवाज आला.

"हे कुणाच्या परवानगीनं चाललंय?"

"तुमच्याच, बाई. तुम्ही 'बघू' म्हणाला होतात."

"मग बघतेच आहे की! गादीशिवाय काही दिसत नाहीये."

शेवटी शिलाईतल्या अक्कांनी कात्री आणली, गादी उसवली, आतला फोम ओढून काढला, तेव्हा कुठे मालकीणबाई खोळ बाजूला सारून बाहेर आल्या. केसांत धागे होते. कुणी हसलं नाही. तेच जास्त भयंकर होतं.

माझी नोकरी गेली असं धरून मी डबासुद्धा आवरला. पण त्या एवढंच म्हणाल्या, "सगळं होतं तसं लाव." लावलं. मग दोन आठवडे मी आधी करायला हवं होतं ते केलं, म्हणजे विचारत फिरलो. अक्का म्हणाल्या, भांडाराची मागची भिंत फोडून मोठं शटर बसव. कुलूप म्हणाले, "मला वर जायला हरकत नाही, पण रस्त्याकडची खिडकी हवी." एवढंच होतं गं त्या माणसाचं! पंधरा वर्षं खाली तशाच खिडकीशी बसून चहा प्यायलाय, आणि मी त्याला न विचारता तिथून उठवलं होतं. मग शिलाईच्याच एका कोपऱ्यात टेबल टाकून थोड्या गाद्या खालीच बांधून पाहिल्या. जमलं.

मग पुन्हा मालकीणबाईंसमोर उभा राहिलो. फायदा सांगितला आणि सुरुवातीला माल उशिरा जाईल, व्यापारी ओरडतील, हेही सांगितलं.

"बाई, हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. आणि हो असेल तर सगळ्यांसमोर म्हणा."

"आणि फसलं तर?"

"माझं चुकलं असं मी सगळ्यांसमोर म्हणेन. फक्त तुम्ही 'मी आधीच सांगितलं होतं' म्हणायचं नाही."

"हे अवघड आहे," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हसल्या.

त्यांनी सगळ्यांना जमवून भाषण केलं. "आजपासून वरचं खाली आणि खालचं वर!" ते ऐकून कापणीवाले आपलंही टेबल उचलून जिना उतरायला लागले, त्यांना अर्ध्यातून परत पाठवावं लागलं. पण पहिल्याच आठवड्यात व्यापाऱ्यांचे फोन सुरू झाले, तेव्हा मालकीणबाईंनी माझ्या टेबलावरचा फोन स्वतः उचलला. "निर्णय माझा आहे. थोडा धीर धरा." आत्या, मी आभार मानायचे सोडून खिडकीबाहेर पाहत राहिलो. डोळे भरून आले होते, दुसरं काय.

आता शटर बसलं, कुलुपांना वर खिडकी मिळाली, घडी बसली आहे. प्लॅस्टर काढून पैलवान परत आला, रिकाम्या जिन्याकडे बघून म्हणाला, "मग मी चढू कुठे?" त्याला बांधणीवर बसवलंय.

तुझा आशीर्वाद असाच राहू दे.

तुझा मॅनेजर भाचा

ता. क. पत्राचं खरं कारण लिहायचं राहिलं. घरात फ्रिज हलवायचा आहे. ही म्हणते बाहेरच्या खोलीत, आई म्हणते आहे तिथेच. दोघी म्हणतात, "एवढा मॅनेजर ना, ठरव." मी रविवारीसुद्धा कारखान्यात जाऊन बसतो. आई फक्त तुला घाबरते. लगेच ये आणि काय ते सांगून टाक.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवण्याआधी हे पत्र दोघींनी वाचलं. त्यांचं ताबडतोब एकमत झालं: फ्रिज हलणार नाही, मी हललो तरी चालेल. तेव्हा तू येऊ नकोस. मीच येतो.