दिव्यांची वेगळी, आईची वेगळी

बाबा, बॅटरी कोणती घ्यायची हे मला तुम्हाला विचारायचं होतं. तुमच्या माघारी जन्मलेली माझी मुलगी आता अकोल्याला नोकरी करते, इतका काळ लोटला, आणि मला तुमची आठवण येते ती बॅटरीवरून. राग मानू नका. तुम्ही माझ्या डोळ्यांपुढे येता तेच मुळी बॅटरीपाशी उकिडवे बसलेले, एक डोळा मिटून, झाकण काढून आत पाहणारे. मला किंवा आईला ताप आला तर तुम्ही कपाळाला हात लावून पुढे जायचात, पण बॅटरी गरम लागली की जेवण टाकून उठायचात. तेव्हा मला तिचा मनापासून राग यायचा. आज मी तसंच करते, दिवसातून कितीदा तरी.

आपलं बांगड्या-खेळण्यांचं दुकान जत्रेत उभं राहिलं की सगळ्यात आधी पाट निघायचा. लोकांच्या घरी पाट जावयाला, आपल्याकडे बॅटरीला. ट्रकवरून उतरवलेली ती काळी, जड पेटी, उघड्या भुईवर ठेवली की जमीन तिचा जोर ओढून घेते असं तुम्ही म्हणायचात. शनिवारी आई तिला बाटलीतलं पाणी पाजायची, दसऱ्याला हळदकुंकू लावायची. पोहरादेवीच्या जत्रेतली एक दुपार मला अजून आठवते. भर उन्हाळा, पत्र्याखाली जीव नकोसा झालेला, आणि मी माझा छोटा पंखा बॅटरीला लावून पुढ्यात घेऊन बसले आहे. तुम्ही पाण्याचं पिंप भरून येता, पंखा पाहता आणि वायर उपटून टाकता. "दिवसा वारा खाशीन त संध्याकाळी काय अंधार इकशीन?" शेजारचा भेळवालाही हसला होता. मी रडले. आई मान खाली घालून बांगड्या जोडत राहिली. मला वाटलं होतं की तो ओरडा फक्त माझ्या वाट्याला आला.

आता आईची फुप्फुसं कडक होत चालली आहेत. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून दाखवला आणि सांगितलं की हे परत मऊ होत नाही. ऑक्सिजनची मशीन लागते, रात्रंदिवस. खोका असतो तो, घरघर करत हवा ओढतो, आणि त्याची नळी आईच्या नाकात. मालेगावच्या घरी तिला ठेवून जत्रा करायची असं आधी ठरवलं होतं. पण लाईन जाते, शेजारीण शेतात गेलेली असते, मी एकुलती एक, आणि आमचं पोट जत्रेवर. वर आई म्हणते, "मले चार भिताडात कोंडू नोको वं. साऱ्या जत्रा हिंडल्या मी, आता घरात कायले मरू?" शेवटी नवऱ्याने पिकअपच्या मागे जोडायची ट्रॉली घेतली, मालेगावच्या वेल्डिंगवाल्याकडून तिच्यावर पत्र्याची खोली बांधून घेतली. एक खिडकी, एक बाज, एक ओटा. आईला आवडली. फक्त त्या खोलीत वीज कुठून आणायची, हा प्रश्न राहिला. जत्रेत जनरेटर संध्याकाळी सुरू होतो आणि गर्दी पांगली की बंद होतो. श्वास काही गर्दी बघून घेता येत नाही.

मालेगावहून जवळच्या वाशीमला, बॅटरीच्या दुकानात मी किती वेळा गेले ते त्या दुकानदारालाच विचारा. तो कंटाळला, पण चांगला होता. म्हणाला, "ताई, पान्याच्या बॅटऱ्या घेतल्या त चार लागतीन. अर्धी ताकद वापराची, अर्धी राखून ठेवाची, नाई त लवकर बसतेत. आन् चारायच्या वजनानं ट्रॉलीचं टायर बोंबलन." मग त्याने लिथियमची दाखवली. हलकी, जवळजवळ शेवटपर्यंत वापरता येते, पाणी लागत नाही, छतावर सोलरच्या पाट्या टाकल्या की दिवसा भरत राहते. मी विचारलं, "संपत आली की कळते का?" तो म्हणाला, "आकड्यावर ध्यान ठेवा. नाई त एकदम बंद." बाबा, तुमची बॅटरी सांगून जायची हो. ट्यूब आधी पिवळी पडायची, मग डोळे मिचकावायची, आपल्याला सामान आवरायला वेळ मिळायचा. ही शेवटच्या घासापर्यंत तशीच ठणठणीत आणि मग काहीच नाही. जिच्यावर आईचा जीव ठेवायचा, ती न सांगता जाणारी कशी घेऊ? आणि नाही घेतली तर ट्रॉली ओढणार कशी? दुकानाच्या पायरीवर बसून मी रडले. दुकानदाराने चहा मागवला. घेतली शेवटी लिथियमची. तुम्ही काय घेतलं असतं, मला अजून कळत नाही.

ती बाजेखाली बसवली, जनरेटरचं भाडं वाचावं म्हणून दुकानाचे दिवेही तिलाच जोडले, तेव्हा आईने वाकून पाहिलं. "हिले पानी कुठून पाजाचं?" मी म्हटलं, हिला पाणी लागत नाही. आईने तोंड वाकडं केलं. न पिणाऱ्या बॅटरीवर तिचा विश्वास बसलाच नाही.

मंगरूळपीरच्या उरुसात आमचा पहिला मुक्काम होता. दुपारची वेळ, बायका बांगड्या भरायला बसलेल्या, चहूकडे भोंगे. हिरव्या बांगड्यांचा डबा संपला म्हणून मी खोलीत गेले, आणि दारातच थबकले, कारण घरघर ऐकू येत नव्हती. आई भिंतीला टेकून बसली होती. ओठ जांभळे, नखं जांभळी, नळी नाकात तशीच. मला वाटलं, ती न सांगणारी बॅटरी मेली. खाली वाकले तर आकडा चांगला भरलेला. मशीनचं बटण बंद होतं. मी ते दाबलं, आईला धरून बसले, देवाला आणि तुम्हाला एकदमच शिव्या दिल्या. ओठांवर रंग परत आला तेव्हा ती एकेक शब्द तोडत म्हणाली, "मीच बंद केली. संध्याकाळी गिऱ्हाईक येते. तुह्ये बाबा काय म्हनत होते? दिवसा खर्चली त संध्याकाळी अंधार."

बाबा, तो ओरडा तिनेही ऐकला होता. पदराला गाठ मारून ठेवावा तसा इतकी वर्षं जपला होता.

मी तिला समजावलं. आताचे दिवे काहीच खात नाहीत, दुकानातले सगळे मिळूनसुद्धा मशीनच्या पासंगालाही पुरणार नाहीत. तिने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बटण बंद. मी ओरडले, पाया पडले, नवऱ्याने हात जोडले. ती ऐकून घेते आणि आमची पाठ वळली की हात खाली जातो. हट्ट नाही हो तो, तिला लेकीचा धंदा वाचवायचा असतो. बटणावर मी कागदी खोका चिकटवला तर तिने मशीनची पिनच काढली. तिच्यापाशी बसून राहावं तर दुकान कोण पाहणार, आणि दुकान नाही पाहिलं तर पुढचं औषध कुठून? चार दिवस मी जेवलेलं अंगी लागलं नाही.

मग मला तुमची ती पेटी आठवली. घरी माळ्यावर होती. भंगारवाल्याला आईने किती वेळा परत पाठवलंय. नवरा मालेगावला जाऊन घेऊन आला. मी पुसली, हळदकुंकू लावलं, दुकानात आईच्या खिडकीतून दिसेल अशा जागी पाटावर ठेवली आणि तिच्या खुंट्यांना दोन वायरी बांधल्या. आईला म्हटलं, "दिव्यांची वेगळी, तुझी वेगळी. दिवे बाबांच्या बॅटरीवर." तिने बराच वेळ बाहेर पाहिलं. संध्याकाळी दिवे लागले तशी म्हणाली, "पाह्य वं, अजून उजेड देऊन राह्यले." त्या दिवसापासून तिने मशीनला हात लावलेला नाही.

दिवे आईच्याच बॅटरीवर लागतात, बाबा. तुमच्या पेटीच्या वायरी पाटाखाली जातात आणि तिथेच संपतात. तुमचं नाव सांगून मी रोज आईशी खोटं बोलते, आणि ती श्वास घेते.

आता आम्ही पोहरादेवीला आहोत, साधारण तुमचं दुकान लागायचं त्याच बाजूला. आईचं काही खरं नाही. मशीनची हवेची चावी वाढवत न्यावी लागते, जेवढी वाढवते तेवढी बॅटरी लवकर उतरते, आणि ढग आले की मी आभाळाकडे वैऱ्यासारखी बघते. परवा शनिवारी आईने बाटलीतलं पाणी मागितलं. मी आणून दिलं. नवऱ्याने पेटी उचलून बाजेपाशी ठेवली, पाटासकट, वायरींची टोकं खाली दडवून. धापा टाकत तिने सहाही झाकणं उघडली, एकेका खणात धार धरली, खुणेपर्यंत भरलं आणि पदराने वरून पुसून घेतलं. "तहानले होते," म्हणाली.

हे कागद मी चुलीत घालणार आहे. आईच्या हाती लागले तर ती पुन्हा बटण बंद करील. फक्त एक सांगते, तुम्ही हसणार नाही म्हणून. पेटी जागेवर नेऊन ठेवल्यावर मी त्या दोन वायरी पाटाखालून बाहेर काढल्या आणि त्यांच्या टोकांना एक छोटा बल्ब लावून पाहिला. लागला नाही. थोडा वेळ तशीच धरून बसले, मग बल्ब काढला आणि वायरी परत पाटाखाली सारल्या.