चिखलदऱ्याची चादर

प्रिय चंदा,

काल अकोल्याच्या टॉकीजमध्ये मी लिहिलेला शाळकरी मुलींचा विनोदी सिनेमा पाहायला तू लेकीला घेऊन आलीस. नववीत चिखलदऱ्याच्या सहलीत तुझं अंथरूण ओलं झालं होतं. आपण दोघींनी चादर गुपचूप धुतली आणि मी कुणाला न सांगण्याची शपथ घेतली. तोच प्रसंग मी सिनेमात घातला. सगळं थिएटर हसलं, तुझी लेकसुद्धा.

बाहेर तिनं मला विचारलं, “मावशी, असं खरंच झालतं काय?”

मी तुझ्याकडे पाहिलं. तूच म्हणालीस, “नाई वं! तुही मावशी पयलेपासून डोकेबाज. मनानंच लिहिते.”

माझ्याकडे न बघता तू ऑटोत बसलीस. हे पत्र लेकीच्या हाती लागलं तर? म्हणून माफीसुद्धा धाडता येत नाही.

तुझ्याच बाकावरची,
श्रावणी