मागच्या काचेची फट

दि. ३ मार्च

चि. चिमणीस, अ. उ. आ.

पत्राला उशीर झाला, पण कारण ऐकून तू माफ करशील. बाबांच्या जुन्या गाडीची मागची काच एकदाची नव्या रबरात बसली! जुनं रबर लाकडासारखं कडक झालं होतं, सुरीने कापून काढलं. डाव्या कोपऱ्यात बोटभर फट होती. तीच, जिला नाक लावून तू बसायचीस आणि तरीही दर प्रवासात ओकायचीस!

रबराच्या खाचेत दोरी घातली, साबणाचं पाणी लावलं. मी बाहेरून काच दाबत होतो, बाबा आतून दोरी ओढत होते. दोरी निघेल तशी रबराची कड पत्र्यावर चढत गेली. जन्मभर काचा बसवतोय मी, पण म्हातारा मलाच शिकवत होता. दारांची रबरंही बदलली. आता आत काडी पेटवली तर ज्योत हलत नाही.

बाबा खूश आहेत. रोज संध्याकाळी काचा वर करून, इंजिन चालू ठेवून आत बसतात. बाहेर आले की मात्र डोकं धरतात, जेवण नको म्हणतात. वयच झालं, दुसरं काय. रविवारी आम्ही दोघं त्याच गाडीने तुझ्याकडे निघतोय.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा दादा

दि. ६ मार्च

ती. दादास, सा. न. वि. वि.

दुकानाचा फोन लागत नाही, म्हणून हे तातडीच्या टपालाने पाठवतेय. घाईत लिहितेय, अक्षराला हसू नकोस.

मागच्या सीटखाली पत्र्याला भोक आहे. त्यातून इंजिनाचा धूर आत यायचा. मी सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, गाडीला नावं ठेवायची नाहीत, आणि वर डब्याचं झाकण ठेवून दिलं. मी त्या फटीला नाक का लावायचे, हे कुणी विचारलंच नाही. त्या फटीने आपण सगळे वाचलो, दादा. ती तू बुजवलीस.

तुझं काम चोख असतं, त्याचीच भीती वाटतेय. बाबांना आत बसू देऊ नकोस. गाडी काढू नकोस, बसने या.

तुझं उत्तर येईपर्यंत घास उतरणार नाही. माया असू दे.

चिमणी

दि. ९ मार्च, रविवार

चि. चिमणीस, अ. उ. आ.

बाबांचा नियम तुला ठाऊक आहेच: अर्ध्या रस्त्यात थांबून एक कार्ड टाकायचं. आम्ही आधी पोचू, कार्ड मागून येईल, तेव्हा हसू.

तुझं पाकीट काल मिळालं. वर तातडीचा शिक्का, पण तू साखर संपली तरी तातडीनेच कळवतेस! बाबा म्हणाले, फोडू नकोस, वाटेत वाचू. ते मागे आडवे झालेत, गाढ झोप लागलीय, गाल कसे लालबुंद दिसताहेत. माझंही डोकं जरा जड आहे.

बाहेर वारा बोचरा आहे, काचा बंदच ठेवल्यात. तासाभराने बाबांना उठवतो, मग तुझं पत्र मोठ्याने वाचतो.

बाकी लोभ भेटीत.

दादा