कुंपणाबाहेरची जागा

शनिवार, १ नोव्हेंबर. गॉथेनबर्ग

घडलं ते क्रमाने.

१. सकाळी अकराला मक्याचं पीठ आणायला सोमाली दुकानात गेले.

२. पिठाच्या थप्पीजवळ ओगुटू उभा होता. आमच्या गावचा, शाळेत माझ्या एक वर्ग पुढे. तो या शहरात आहे हे मला ठाऊक नव्हतं.

३. मी हाक मारली. त्याने वळून पाहिलं आणि हातातली पिशवी सोडली. फुटली.

४. तो म्हणाला, "अपोंडी, तुला आम्ही मार्चमध्ये पुरलं."

५. गल्फमध्ये मी राहायचे त्या कामगारांच्या इमारतीला फेब्रुवारीत आग लागली होती. एक बाई चेहऱ्यावरून ओळखता आली नाही. कार्ड माझं होतं, फोनचं सिम माझं होतं. प्रेत तिकडेच पुरलं. घरी नुसता निरोप गेला.

६. म्हणून घरच्यांनी यागोच्या झाडाचं लांबडं फळ कापडात गुंडाळून पुरलं. प्रेत नसलं की आमच्यात हीच रीत. लग्न न झालेली मुलगी, म्हणून कुंपणाबाहेर.

७. खड्डा खणायला ओगुटू होता. "तुझ्यापायी तळहाताला फोड आले होते गं माझ्या!" असं हसत म्हणाला. मग हसायचा थांबला आणि माझ्या मनगटाला दोन बोटं लावून नाडी बघितली.

गेल्या वर्षी सप्टेंबरात मी इथे लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर आले. घरी कळवलं नाही. कार्ड आणि सिम मागे ठेवून आले. कोणाकडे, ते आज लिहीत नाही.

रविवार, २ नोव्हेंबर

गल्फ सोडण्याआधी घरच्यांशी फोनवर झालेलं शेवटचं बोलणं आठवून लिहिते.

बाबा म्हणाले, "शिक्षण पुरे झालं, भटकणं पुरे झालं. माणसं बघायला येणार आहेत. परत ये."

मी म्हणाले, "मी मेले समजा." आणि फोन ठेवला.

आईबापांना असं कोणी बोलत नाही आमच्याकडे. शब्द हवेत विरत नाही म्हणतात, जागा शोधून बसतो. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. मी भार मोजते, दोर तपासते, नोंद करते. पण हे वाक्य लिहिताना बोटं गार पडली – खोलीत एकवीस अंश असताना!

मंगळवार, ४ नोव्हेंबर

आजही घरी फोन केला नाही.

बुधवार, ५ नोव्हेंबर

मक्याच्या पिठाची घट्ट उगाली केली. गुठळ्या झाल्या. इथल्या पिठाला आमच्या गिरणीचा वास नाही. धूर नाही, तळ्यावरच्या वाऱ्याला सुकत घातलेल्या मासळीचा दर्प नाही. अर्धी टाकून दिली.

गल्फमधल्या खोलीत उगाली आकुमू ढवळायची. डावखुरी. बाकीच्या जणी चिडवायच्या, "उलटी फिरवतेस, उलटी चढेल पोटात!" ती म्हणायची, "मग उपाशी राहा, राण्यांनो." भांडं कायम रिकामं व्हायचं.

तिचं नाव लिहायचं नव्हतं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

दुपारी तीनला फोन लावला. बाहेर दिवस मावळायला आला होता. थोरला भाऊ ओलुओच बोलला.

"कोण?"

"अपोंडी."

"अपोंडी गेली. कोण बोलतंय?"

"दादा, मी."

मागे कोंबड्यांची कलकल. मग – "बाबांच्या सायकलची साखळी कोणी तोडली?"

"तू. आणि नाव माझं सांगितलंस."

तो रडला. मग ओरडला, "बैल कापला तुझ्यासाठी, बये! पांढऱ्या पायांचा! तो कुठून उठवून आणू आता?"

मग कामाचं बोलला. म्हातारी माणसं म्हणतात, रिकामी कबर मालकिणीला हाक मारत राहते. शनिवारी, १५ तारखेला फळ उकरून नदीत सोडायचं. बकरा कापायचा. मगच मला घरी जाता येईल, तेही फाटकातून नाही. कुंपण तोडून आत घेतील. त्याआधी अंगणात पाऊल टाकायचं नाही.

"येशील ना?"

"येईन," म्हणाले. खरंच म्हणाले. त्या क्षणी आवारातल्या झाडलेल्या लाल मातीचा वास आला मला. नाताळचं तिकीट बघून ठेवलं आहे.

मग आईने फोन घेतला. रडली नाही. म्हणाली, "तू जिवंत आहेस, तर मग ती कोण?"

"कोण ती, आई?"

"मार्चपासून पहाटे स्वप्नात येते. कुंपणाबाहेर उभी असते. आत ये म्हटलं तर येत नाही. पाणी मागते, आणि ओंजळ नाही धरत – डावा हात पुढे करते. मला वाटलं, मेल्यावर माणूस उलटं होत असेल."

मी फोन बंद केला. फोन कट झाला असं तिला वाटू दिलं.

सोमवार, १० नोव्हेंबर

बंदरावरच्या इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली. मी आत एकटी. बाहेरून दारावर टकटक, तीनदा. डाव्या बाजूला, खालच्या अंगाला. तिथे दाराबाहेर उभं राहायला जागा नसते, भिंत असते.

ब्रेक तपासला. दाराचे विजेचे संपर्क तपासले. दोष सापडला नाही. नोंदीत तसंच लिहिलं: दोष सापडला नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

बाबांना पाठवला तो निरोप, जसाच्या तसा:

बाबा, फळ उकरू नका. मालकाने पासपोर्ट अडकवला म्हणून आकुमू नावाची बाई त्याच्या घरातून पळून आली होती. तिला लपता यावं म्हणून निघताना माझं कार्ड, सिम आणि पलंग मी तिला दिला. माझ्या नावाने जळाली ती तीच. माहेर न्याकाच भागातलं. सासर मला ठाऊक नाही. चार वर्षांची मुलगी आहे. तिची माणसं अजून तिच्या फोनची वाट बघत असतील. ती माणसं सापडून फळाच्या रूपाने तिला घेऊन जाईपर्यंत जागा मोडू नका. आईला सांगा, कुंपणाबाहेर पाणी ठेव. जागा आहे तोवर मला घरी येता येणार नाही, हे मला कळतं. होय की नाही, शुक्रवार १४ नोव्हेंबरपर्यंत कळवा.