अपडेट नाही

पनवेल, गुरुवार संध्याकाळ

सासूबाईंचा टॅब्लेट आज गेला. म्हणजे चालू होतो, पण कॉलचं ॲप उघडत नाही. नणंदबाई इस्रायलमध्ये बसून रोज त्यातूनच माझ्या ओट्यावर नजर ठेवायच्या. आज मालिदा, म्हणजे आमचे नवसाचे गोड पोहे, करायचा होता, तेव्हा तर हमखास. गुळाच्या डब्याला टॅब्लेट टेकवलेला, तोंड माझ्याकडे. पण "वहिनी, पोहे कोरडे दिसतायत" असं आज काही ऐकू आलं नाही.

कंपनीला फोन मीच लावला. सासूबाई शेजारी उभ्या राहून पदराने काच पुसत होत्या. काच मळली म्हणून लेक दिसत नाही, असं वाटतं की काय त्यांना?

पलीकडची मुलगी गोड होती. "मॅडम, या मॉडेलला आता अपडेट येणार नाहीत. पण ब्राउझरमधून कॉल लागेल, मी सांगू का कसं ते?"

"नको," म्हटलं.

"काय म्हणाली गं?"

"बंद झालं म्हणाली, आई. कायमचं."

अर्धं तर खरंच आहे ना. माझ्या फोनवरून लावून दे, असं त्या म्हणाल्या नाहीत. माझ्याकडे काही मागणं त्यांना जन्मात जमलेलं नाही.

मग सेवा कशी वाटली, असा मेसेज आला. "एकसुद्धा स्टार देऊ नकोस मेल्यांना," सासूबाई म्हणाल्या. मी पाच दिले.

अजून पदराने पुसणं चाललंय. त्या काळ्या काचेत आता त्यांना स्वतःचंच तोंड दिसत असेल. मी ते रोज बघते.