चिठ्ठीत निघालेला जोडीदार

प्रिय दादा,

काल व्यावसायिक गटातली माझी पहिली स्पर्धा झाली. स्विंग नाचाच्या या स्पर्धेत चिठ्ठ्या टाकून जोड्या लावतात आणि गाणंही आधी सांगत नाहीत. माझ्या वाट्याला दिवसा बस दुरुस्त करणारा एक मेकॅनिक आला. धिप्पाड, वयानं बाबांएवढा. म्हटलं, आता हा मला फरफटत नेणार.

"घाबरलात?" त्यानं विचारलं.

"थोडीशी."

"मीपण. खुशाल पायावर पाय द्या, बूट जुनेच आहेत."

गाणं सुरू झालं आणि तो नाचेचना. माझा हात धरून नुसता ताल ऐकत राहिला. लहानपणी स्वयंपाकघरातलं टेबल सरकवून तू मला नाचवायचास, तेव्हापासून तू ओढशील तिकडे मी जात आले. इथे कुणी ओढतच नव्हतं. शेवटी माझाच पाय पुढे पडला आणि तो माझ्यामागून आला. मी थबकले की थबकायचा. गिरकी लांबवली तर हात सैल सोडून लांबू द्यायचा. ज्याचं नावही काल सकाळपर्यंत मला माहीत नव्हतं, त्याला माझ्या मनातलं माझ्याआधी कसं कळत होतं?

आमचा दुसरा नंबर आला.

परवा तू फोनवर म्हणालास, "गुडघा बरा झालाय, पुढच्या स्पर्धेला आपली जोडी पक्की." मी "बरं" म्हणून बसले. ते मला मागे घ्यायचंय, पण असं कागदावर नाही. म्हणून हे पत्र माझ्याकडेच राहील. रविवारी जेवायला येते, वहिनीला सांगते तसं. तुझा चेहरा पडेल, ठाऊक आहे. तो बघूनही मी नाहीच म्हणणार आहे.

तुझी,
भिंगरी